जे आधी येईल ते!



बदलापूर हे नाव कसं पडलं, ठाऊक आहे का? जुनी माणसं सांगतात की पूर्वी लांबच्या प्रवासाला निघालेले स्वार इथे थांबत. दमलेले घोडे इथे सोडायचे, ताजेतवाने घोडे घ्यायचे आणि पुढची वाट धरायची. घोडे बदलण्याचं गाव, म्हणून बदलापूर. ही झाली लोककथा. पण तिच्यात एक शहाणपणाची गोष्ट आहे, ती आज आपल्या उपयोगाची आहे. घोडा वाटेत कोसळला की मग बदलायचा, असं ते स्वार करत नव्हते. घोडा अजून पळू शकतो आहे, तेव्हाच तो बदलायचा. कुठे बदलायचा, हे प्रवासाला निघण्याआधीच ठरलेलं!

घोड्याचं एक बरं असतं. तो दमला की धापा टाकतो, तोंडाला फेस येतो, पाय ओढत चालतो. मोटारगाडी यातलं काहीच करत नाही. आतलं तेल खराब झालं तरी ती पळते. ब्रेक झिजत आले तरी पळते. आणि एके दिवशी एकदम बोलते, तेव्हा ऐकायला उशीर झालेला असतो. म्हणून गाडी बनवणारे लोक गाडीबरोबर एक छोटं पुस्तक देतात. त्यात लिहिलेलं असतं : अमुक इतके किलोमीटर झाले की हे बदला, इतके महिने झाले की ते तपासा. याला म्हणतात सर्व्हिसिंगचं वेळापत्रक. तुमच्या शाळेच्या वेळापत्रकासारखंच, फक्त तासांच्या जागी किलोमीटर!

आज हे वेळापत्रक आपण एका खास गाडीचं बघू. कोणती? तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या वहीच्या कव्हरवर असते ती. दोन माणसांची, बुटकी, चपळ, वजनाने हलकी स्पोर्ट्‌स कार.

हलकी म्हणजे किती हलकी?

इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन नावाचे एक इंजिनीअर होऊन गेले. लोटस ही मोटार कंपनी त्यांची. गाडी जोरात पळवायची तर सगळे लोक मोठं इंजिन बसवतात. चॅपमन उलटा विचार करत. इंजिन छोटंच ठेवू, पण गाडीतून नको ते सगळं काढून टाकू! १९५७ मध्ये त्यांनी लोटस सेव्हन नावाची गाडी आणली. तिला दारं नव्हती, टप जेमतेम, वजन पाचशे किलोच्या आसपास. पुष्कळ लोक तिचे सुटे भाग विकत घेऊन ती घरीच जोडत. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीने घेतले आणि तशाच गाड्या अजूनही बनतात.

पुढे १९८९ मध्ये जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ आली. तिचं वजन हजार किलोच्या आत. १९९६ मध्ये लोटसची एलिस आली, ती तर सुमारे सव्वासातशे किलोची. आता तुलना करा. आपली जुनी प्रीमियर पद्मिनी जवळजवळ नऊशे किलोची होती आणि मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची. म्हणजे जगप्रसिद्ध स्पोर्ट्‌स कार आणि शेजारच्या काकांची जुनी मारुती, वजनात फारसा फरक नाही!

आपल्या देशातही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची अशीच एक छोटी, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची गाडी आली होती. इंजिन रेनो या फ्रेंच कंपनीचं. फार थोड्या गाड्या विकल्या गेल्या आणि पुढे ती बंद पडली. पण ज्यांच्याकडे ती होती, त्यांना गाडी तर सांभाळायची होतीच ना? कारखाना बंद होतो, तेव्हा वेळापत्रकाचं पुस्तक आणि ते वाचणारा मिस्त्री, हे दोघेच गाडीचे नातेवाईक उरतात.

हंड्यातलं पाणी आणि इंजिनातलं तेल

इंजिनात तेल कशाला लागतं? उल्हासनगरात घरोघरी शिलाई मशिनं आहेत. ज्यांच्या घरी आहे, त्यांना विचारा. दोन-चार दिवस तेल दिलं नाही तर मशीन कुरकुरायला लागतं. शिलाई मशिनाची ही गत, तर इंजिनाची काय असेल? मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला किती? करा भागाकार. १००! तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत इंजिनातला दांडा शंभर वेळा फिरलेला असतो. स्पोर्ट्‌स कार तर मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांपर्यंत जाते. दोन लोखंडी भागांमध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, तोच त्यांना एकमेकांवर घासू देत नाही. शिवाय हे तेल उष्णता वाहून नेतं, काजळी आणि धातूचा कीस स्वतःत घेतं, गंज लागू देत नाही. एकट्याने इतकी कामं करायची म्हटल्यावर ते थकणारच. म्हणून ऑईल बदलायचं, सोबत ऑईल फिल्टरही बदलायचा.

आता एक गंमत. डोक्यावर किंवा कमरेवर पाण्याचा हंडा घेऊन झटकन वळून बघा. पाणी कुठे जातं? वळणाच्या बाहेरच्या बाजूला उसळतं. तसंच इंजिनाच्या तळाशी असलेलं तेल, गाडी जोरात वळली की एका बाजूला चढतं. तेल खेचणारा पंपाचा नळ तळाशी असतो. तेल आधीच कमी असेल तर त्या क्षणी नळाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते. सेकंदाला शंभर फेरे आणि मध्ये तेल नाही! म्हणून स्पोर्ट्‌स कार चालवणारी शहाणी माणसं सर्व्हिसिंगची वाट न बघता वरचेवर दांडी काढून तेलाची पातळी बघतात. तुमच्या घरच्या गाडीलाही तशी दांडी असू शकते. गाडी सपाट जागी उभी असताना, इंजिन बंद करून, थोडा वेळ थांबून मोठ्या माणसांबरोबर ती बघा.

वेळापत्रक असं असतं

प्रत्येक गाडीचं वेळापत्रक वेगळं, म्हणून शेवटचा शब्द तिच्या पुस्तकाचाच. पण ढोबळ मानाने हलक्या स्पोर्ट्‌स कारचं वेळापत्रक असं असतं :

नव्या गाडीची पहिली तपासणी लवकर होते, पहिल्या हजारेक किलोमीटरच्या सुमारास. नवे भाग एकमेकांत बसताना थोडे घासतात. घरी जोडलेल्या केटरहॅमसारख्या गाडीचे तर काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासून बघतात.

इंजिन ऑईल आणि फिल्टर साधारण दहा ते पंधरा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा. गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेली तर त्याच्या कितीतरी आधी.

एअर फिल्टर, म्हणजे इंजिनाचं नाक, प्रत्येक सर्व्हिसिंगला बघायचा. धुळीच्या रस्त्यावर लवकर बदलायचा. आपल्याकडे रस्ता खणून ठेवला की किती धूळ उडते, ते तुम्हाला सांगायला नको.

ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी, गाडी चालो अथवा न चालो. ब्रेकचे पॅड दरवेळी मोजायचे.

इंजिनातला टायमिंग बेल्ट असेल तर तो ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांनी. पहिल्या एमएक्स-५ ला तो साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा असे. अनेक इंजिनांत हा पट्टा तुटला तर आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि इंजिन मोडतं. पट्टा हजारांत येतो, इंजिन लाखांत.

‘जे आधी येईल ते’ का?

तुमच्या लक्षात आलं का, काही ठिकाणी ‘किलोमीटर किंवा वर्षं’ असं आहे? पुस्तकात पुढे लिहिलेलं असतं : यांतलं जे आधी येईल ते. इथेच बहुतेक मोठी माणसं चुकतात. ती म्हणतात, "गाडी चाललीच कुठे आहे? उभीच तर असते!"

आपण हिशेब करू. समजा एक काका बदलापुरात राहतात. रोज सकाळी स्कूटरने स्टेशनला जातात, स्कूटर तिथे लावतात, लोकलने मुंबईला जातात, रात्री परत स्कूटरने घरी. जाताना ३ किलोमीटर, येताना ३. वर्षाचे ३०० दिवस धरा. ६ गुणिले ३०० म्हणजे १८०० किलोमीटर. त्यांच्या पुस्तकात ३००० किलोमीटरला ऑईल बदला असं असेल, तर काका म्हणतील, "अजून दीड-पावणेदोन वर्षं निवांत!"

पण आत काय चाललंय ते बघा. इंजिन चालू झालं की आत थोडी वाफ तयार होते. लांबच्या प्रवासात इंजिन चांगलं तापतं, वाफ उडून जाते. तीन किलोमीटरमध्ये ते पुरेसं तापतच नाही. वाफेचं पाणी होतं आणि तेलात मिसळतं. थोडं न जळलेलं पेट्रोलही मिसळतं. रोज दोनदा हेच! म्हणजे कमी चाललेल्या गाडीचं तेल उलट लवकर खराब होतं. म्हणून महिने मोजायचे.

स्पोर्ट्‌स कारचं दुखणं हेच आहे. ती रविवारी निघते आणि सोमवार ते शनिवार झाकून ठेवलेली असते. उभी गाडी विश्रांती घेते असं आपल्याला वाटतं. पण तिची बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकतीवर गंज चढतो, रबराचे भाग कडक होतात, टायर एकाच जागी दबतो. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच.

आता रिक्षा बघू. रिक्षा दिवसाला १०० किलोमीटर चालते असं धरा. महिन्याचे २५ दिवस. म्हणजे २५०० किलोमीटर. स्कूटरवाल्या काकांच्या वर्षापेक्षा रिक्षावाल्या काकांचा एक महिना मोठा! त्यांना किलोमीटर मोजायचे. एक महिने मोजतो, एक किलोमीटर मोजतो, आणि दोघेही बरोबर असतात.

मुंबईतल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवतात का, आई-बाबांनो? कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या त्या काळ्या-पिवळ्या गाड्या रात्रंदिवस चालत होत्या. टॅक्सीसाठी वयाची मर्यादा वीस वर्षं होती. शेवटच्या गाडीने ती मर्यादा गाठली ऑक्टोबर २०२३ मध्ये. रात्रंदिवस राबणारी गाडी वीस वर्षं टिकते, यात कारखान्याइतकाच वाटा गल्लीतल्या मिस्त्रींचा असतो.

इंजेक्शनची सुई नसलेली सिरिंज

ब्रेक ऑईल दोन वर्षांनी का बदलायचं, ते एका प्रयोगातून समजेल. औषधाच्या दुकानातून बिनसुईची नवी सिरिंज आणा. तिच्यात पाणी भरा, आतली हवा काढून टाका, टोकाला बोट घट्ट लावा आणि दट्ट्या दाबा. दबतो का? नाही. आता पाणी काढून फक्त हवा भरा आणि दाबा. अगदी सहज दबतो!

गाडीचा ब्रेक म्हणजे ही पहिली सिरिंज. पायाने दाबलेला जोर तेलातून चाकापर्यंत जातो, कारण तेल दबत नाही. पण ब्रेक ऑईलला एक खोड आहे. ते हवेतलं बाष्प शोषून घेतं. ‘डॉट ४’ जातीचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात ठरावीक पाणी मुरलं की हाच आकडा १५५ अंशांवर आला तरी चालतो. आता विचार करा. गाडी माळशेज घाट उतरते आहे. ड्रायव्हर पुनःपुन्हा ब्रेक दाबतो. ब्रेक तापतात. जुनं, पाणी मुरलेलं तेल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पहिल्या सिरिंजची दुसरी सिरिंज झाली! पाय दाबला, पॅडल खाली गेलं, पण गाडी थांबली नाही. तेल बाटलीभरसुद्धा लागत नाही. त्यासाठी घाट पणाला लावायचा का?

आपल्या गावचा पाऊस

आपल्या वेळापत्रकात एक गोष्ट अशी आहे, जी जपानच्या किंवा इंग्लंडच्या पुस्तकात ठळक अक्षरांत नसेल. ती म्हणजे उल्हास नदीचा पूर. २६ जुलै २००५ चा पूर तुमच्या आई-बाबांनी पाहिला आहे. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. असा पूर ओसरला की पार्किंगमध्ये चिखलाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा दिसतात. आणि पहिली चूक तिथेच होते. माणसं किल्ली फिरवून बघतात!

मुळीच फिरवायची नाही. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर दट्ट्या वर येताना ते पाणी दाबू बघतो. आत्ताच प्रयोग केलात ना? पाणी दबत नाही. मग वाकतो तो इंजिनातला लोखंडी दांडा. पुरात बुडालेली गाडी ढकलत किंवा ओढूनच गॅरेजला न्यायची. तिथे सगळी तेलं बदलतात. आत पाणी गेलं असेल तर इंजिन ऑईल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. पूर आला की किलोमीटर नाही आणि महिने नाहीत, सर्व्हिसिंग ताबडतोब!

हलकी गाडी आणि भरलेली रिक्षा

आता हलकेपणाचं खरं महत्त्व. गाडी थांबवायची म्हणजे तिच्यातली गतीची शक्ती ब्रेकने उष्णतेत बदलायची. वजन दुप्पट झालं की ही शक्ती दुप्पट. वेग दुप्पट झाला की चौपट! म्हणून हलक्या स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक आणि टायर साध्या रस्त्यावर बरेच टिकतात.

याच्या उलट उदाहरण रोज सकाळी शाळेच्या दारात दिसतं. रिकामी रिक्षा साधारण साडेतीनशे किलोची असते. तिच्यात तीन प्रवासी बसावेत असं ठरलेलं आहे. ६० किलोची तीन माणसं म्हणजे १८० किलो. आता तिच्यात दहा मुलं बसली असं समजा. प्रत्येकाचं वजन ३० किलो, दप्तर ४ किलो. ३४ गुणिले १० म्हणजे ३४० किलो. अरेच्चा! रिक्षाने जणू दुसरी रिक्षाच पाठीवर घेतली. ब्रेकचे लायनर जास्त राबतात, आणि वेळापत्रक मात्र तीन प्रवाशांसाठी लिहिलेलं असतं.

आई-बाबांनो, आता चार शब्द तुमच्याशी. रिक्षाकाका वाईट असतात म्हणून सर्व्हिसिंग टाळत नाहीत. गाडी गॅरेजला लावली की त्या दिवसाची कमाई बुडते. मे महिन्यात शाळा बंद, तेव्हा पुष्कळ घरांतून पैसे येत नाहीत. आणि जून उजाडताच पावसात तीच रिक्षा पोरांना घेऊन निघते. लायनर बदलायचा खर्च पुढे ढकलला जातो तो नेमका याच दिवसांत. म्हणून दोन गोष्टी करता येतील. एक, सगळ्या पालकांनी मिळून काकांना जूनच्या आधी सर्व्हिसिंगसाठी पैसे काढून द्यावेत आणि एक दिवस मुलांना आळीपाळीने आपण सोडावं. दुसरी, मुलं कमी बसवायची तर भाडं थोडं वाढेल, ते मान्य करावं. "ब्रेक कधी बघितले, काका?" हा प्रश्न दरडावून नको, आपुलकीने विचारावा. अंबरनाथच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या पालकांना तर हे अधिक पटेल. यंत्र बंद पडण्याआधी बंद ठेवून तपासायचं असतं, हे तुम्ही रोज करता.

या आठवड्याचं काम

१. तुमची सायकल हे तुमचं स्वतःचं वाहन. एक छोटी वही करा. दर आठवड्याला हवा आणि ब्रेकचे रबर बघा. दर महिन्याला चेन पुसून तेल द्या. पावसात भिजली तर महिन्याची वाट बघायची नाही. तारीख लिहायला विसरू नका.

२. घरच्या गाडीच्या टायरवर लंबगोलात चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३४२३ असेल तर टायर २०२३ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनला. तुमच्या घरचा टायर किती वर्षांचा आहे?

३. सर्व्हिसिंगचं पुस्तक मागून घ्या. शेवटची तारीख आणि किलोमीटर बघा. आजचे किलोमीटर मीटरवर बघा. आधी काय येतंय, महिने की किलोमीटर? उत्तर कागदावर लिहून गाडीच्या किल्लीशेजारी लावा. घरात कोणी "चाललीच कुठे आहे गाडी!" असं म्हणालं, तर त्यांना स्कूटरवाल्या काकांचा हिशेब समजावून सांगा.

पुढच्या आठवड्यात आपण सायकलच्या गिअरचे दात मोजणार आहोत. तोवर सायकल पुसून ठेवा!